‘फारसा बदल नाही’ म्हणजे किती मिलिमीटर?

माझ्या स्तनातल्या गाठीच्या दुसऱ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात एवढंच लिहिलेलं: ‘फारसा बदल नाही’. माप कुठेच नाही. आता पहिल्या रिपोर्टात बायरॅड्स (स्तनाच्या तपासणीत गाठ किती संशयास्पद ते सांगणारी श्रेणी) ३ होतं. म्हणजे गाठ साधी, कॅन्सरची नसलेली असण्याची शक्यता ९८ टक्क्यांच्या वर, पण ६, १२ आणि २४ महिन्यांनी बघायची. बघायची म्हणजे मोजायची ना?

काउंटरवर उत्तर ठरलेलं. ‘मॅडम, रिपोर्ट फायनल झालाय.’ फिल्म मागितली तर डॉक्टर दुपारनंतर. दुसऱ्या दिवशी म्हणे जुना रिपोर्ट सापडत नाही. तो माझ्याच पिशवीत होता, तपासणीच्या वेळी कुणी मागितलाच नव्हता! तिसऱ्या फेरीला लेखी अर्ज दिला: तिन्ही मापं आणि जागा घालून पुरवणी रिपोर्ट मिळावा. अर्ध्या तासात सही-शिक्क्यासकट कागद हातात. आधी २१ × १४ × ११ मिमी, आता २७ × १९ × १६. लांबी सहाच मिमीने वाढली, म्हणून ‘फारसा बदल नाही’. पण गाठीचं आकारमान काढा, म्हणजे तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ०.५२ने गुणा आणि हजाराने भागा: १.७ मिलिलिटरची गाठ ४.३ची झाली होती. सहा महिन्यांत व्यास २० टक्क्यांहून जास्त वाढला तर बायोप्सी (गाठीचा नमुना काढून तपासणं), हा रूढ निकष. इथे वाढ २८ टक्क्यांवर.

बायोप्सी कोअरचीच करा, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून. एफएनएसीत (बारीक सुईच्या तपासणीत) सुटी पेशी येते, फायब्रोअडिनोमा (नेहमी आढळणारी साधी गाठ) की फिलॉइड्स (तिच्यासारखीच दिसणारी, पण दुर्मीळ गाठ) हे तिच्यावरून नीट ठरत नाही. कोअरमध्येही कधी ‘फायब्रोएपिथेलियल’ असा मोघम शब्द येतो, मग गाठ अख्खी काढून तपासावी लागते. माझी बिनाइन, म्हणजे कॅन्सर नसलेली फिलॉइड्स निघाली. स्तनाच्या ट्यूमरमध्ये हा प्रकार एक टक्क्याहूनही कमी. बिनाइन असली तरी ती त्याच जागी परत येऊ शकते, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून काढलेल्या गाठीच्या रिपोर्टात मार्जिन (गाठीभोवतीची निरोगी कड) मोकळं आहे का, किती मिमी, ते आधी वाचा. बॉर्डरलाइन (मधली) किंवा मॅलिग्नंट (कॅन्सरची) असेल तर साधारण १ सेमी धरतात.

हो, जागा घड्याळाप्रमाणे लिहून घ्या: ‘उजवीकडे १० वाजता, निपलपासून ४ सेमी’. नाहीतर पुढच्या वेळी शेजारचीच गाठ मोजली जाते.

दुसऱ्या ठिकाणी दाखवायचं तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, स्लाइड (काचेवरचा पातळ काप) आणि ब्लॉक (गाठीचा जपून ठेवलेला तुकडा) दोन्ही मागतात. ब्लॉक मेणाचे असतात; उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.