अर्ध्या लहरीची भट्टी

जून लागला की आमच्या रिवाइंडिंगच्या दुकानात कामाची जातच बदलते. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, जाळी पसरलेली. जाळी दुरुस्त करायची तर तुटलेल्या शिशाच्या गोळ्याही नव्या ओतायच्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका तांडेलांनी अशाच एका पावसाळी सकाळी शिसं वितळवायची विजेची भट्टी रिक्षातून आणून टेबलावर ठेवली. तक्रार एका वाक्याची होती : "स्विच टाकला की अख्ख्या घराची लाइट जाते." नंतर जाता जाता आणखी दोन गोष्टी बोलले. भट्टी मात्र जोरदार आहे, दहा-बारा मिनिटांत शिसं पातळ होतं. आणि मळी फार निघते.

खरं निदान त्या शेवटच्या दोन वाक्यांत होतं. ते मला कळायला दुपार झाली.

भट्टी अमेरिकन बनावटीची, मुळात बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठीची. कुणीतरी जहाजावरून आणलेली, आणि इथे आल्यापासून तिने जाळ्याच्या गोळ्यांखेरीज काही ओतलेलं नाही. लोखंडी भांडं, भोवती पत्र्याचं कवच, बुडाला तोटी आणि ती वरून बंद करणारी लोखंडी कांडी. दांडा उचलला की खालून शिसं साच्यात पडतं. मळी वर तरंगत राहते आणि माल स्वच्छ भागातून येतो, ही या रचनेची हुशारी. पाटीवर तीनच गोष्टी वाचता येत होत्या : २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो, ८०० वॅट, ११५ व्होल्ट. प्लग मात्र आपला तीन पिनांचा. त्यातली अर्थची वायर कापून टेप लावलेला. ट्रिप थांबवायचा हा सगळ्यात वाईट उपाय. पुढे घरात आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, बसला, आणि भट्टीच्या पत्र्यातून ओल्या शहाबादी लादीवर करंट उतरला की तोही ट्रिप होऊ लागला.

कवच उघडण्याआधी एक काळजी. जुन्या भट्ट्यांत भांडं आणि पत्रा यांच्यामध्ये ॲस्बेस्टॉसचा दोर किंवा पुठ्ठा असू शकतो. राखाडी-पांढरं, तंतूतंतू सुटणारं काही दिसलं तर ते ॲस्बेस्टॉसच धरून चालायचं. कोरडं खरवडायचं नाही, फुंकायचं तर नाहीच. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून फवारलं, मास्क लावला, ओला गोळा दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधून वेगळा ठेवला. त्या जागी २५ मिलिमीटरची सिरॅमिक वूल बसते. तीही अंगाला खाजते, पण ती कापता येते आणि बाजारात मिळते.

आत एलिमेंट बंद नळीचा, भांड्याला वेढा घातलेला. अशा नळीत मधोमध नायक्रोमची स्प्रिंग असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पूड. ही पूड उष्णता पुढे जाऊ देते आणि वीज अडवते, पण ओलावाही शोषते. नळीच्या टोकाची सील फुटलेली असेल तर आमच्या किनाऱ्यावरची जूनची हवा पुरेशी आहे. इथे दोन्ही टोकांना हिरवट क्षार जमला होता. मळी काढायला नवसागर टाकत असणार, असं वाटलं. विचारलं, तर होच म्हणाले. कल्हईवाल्याच्या सवयीने नवसागर टाकतात, पण त्याचा धूर टर्मिनल, स्क्रू, पत्रा सगळं खातो आणि मागे राहिलेला क्षार ओल धरून बसतो. शिशाला वाटाण्याएवढी राळ किंवा मेणबत्तीचा तुकडा पुरतो. तो पेट घेतो, म्हणून तोंड लांब ठेवायचं आणि लोखंडी चमच्याने तळापासून ढवळायचं.

एलिमेंटची टोकं सोडवून मीटर लावला : १६.६ ओहम. ११५ व्होल्टचा वर्ग भागिले १६.६, म्हणजे ७९७ वॅट. पाटीशी जुळलं, एलिमेंट शाबूत. आता टोक आणि नळीचं अंग यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर : काटा शून्यावर. साध्या मीटरने पाच हजार ओहमच्या आसपास. २३० व्होल्टला पाच हजारांनी भागलं की ४६ मिलिअँपिअर येतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडायलाच हवा. त्याची काही चूक नव्हती.

ओला एलिमेंट फेकून देण्याआधी वाळवून पाहायचा. डिमरस्टॅटवरून, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्स्फॉर्मरवरून, फक्त ४० व्होल्ट दिले. त्यावर हा एलिमेंट ९६ वॅट घेतो आणि नळी हळूहळू गरम होते. अर्थ जोडलेलीच ठेवली, कारण ४० व्होल्टवर गळती आठ मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन नळी फुगते, कधी फुटते. दर अर्ध्या तासाने वीज काढून मेगर घेत होतो. पहिल्या तासात काटा जागचा हलत नाही, उलट आणखी बिघडल्यासारखा वाटतो, कारण ओल आतून टोकांकडे सरकत असते. इथे बरेच जण धीर सोडतात आणि नवा एलिमेंट घेतात. दुसऱ्या तासानंतर ०.३ मेगओहम, मग २, आणि तीन तासांनी ५० च्या वर. गरम असतानाच टोकं घासून उच्च तापमानाच्या सिलिकॉनने बंद केली.

ट्रिपची तक्रार इथेच संपली होती. बिल करून भट्टी परत देता आली असती.

तेवढ्यात थर्मोस्टॅटचे काँटॅक्ट उघडून पाहिले. एका काँटॅक्टला खोल खड्डा आणि समोरच्याला बरोबर त्याच जागी सुळका. एसीवर चालणारे काँटॅक्ट असे झिजत नाहीत. एसीत करंटची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, त्यामुळे ठिणगीने उडणारी चांदी दोन्हीकडे साधारण सारखीच खरवडली जाते. खड्डा एकीकडे आणि ढीग दुसरीकडे म्हणजे करंट एकाच दिशेने वाहतोय. घरच्या प्लगवर चालणाऱ्या भट्टीत डीसी कुठून आला?

बुडाच्या पत्र्याखाली, न्यूट्रलच्या वायरवर, करपून काळ्या पडलेल्या ग्लास स्लीव्हमध्ये एक डायोड निघाला, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा. सहा अँपिअरचा.

कुण्या कारागिराचा हिशोब सरळ होता. भट्टी ११५ ची, लाइट २३० ची, अर्धी लहर कापली की व्होल्टेज अर्धं. ही समजूत इतकी पसरलेली आहे की तिच्यावर थोडं थांबायला हवं. डायोड अर्धा वेळ वीज बंद ठेवतो, उरलेल्या अर्ध्या वेळात मात्र पूर्ण २३० ची लहर जाते. म्हणून अर्धी होते ती ताकद, म्हणजे वॅट. पण अर्धी कशाच्या? १६.६ ओहमचा एलिमेंट सरळ २३० वर लावला तर तो सुमारे ३,२०० वॅट ओढेल. त्याच्या अर्धे १,६००. पाटीवर ८०० लिहिलंय. म्हणजे ही भट्टी इतकी वर्षं दुप्पट ताकदीने चालत होती. व्होल्टेजच्या भाषेत सांगायचं तर तिला ११५ नव्हे, १६३ व्होल्ट मिळत होते. ११५ हवे असतील तर ताकद चौथाई व्हायला हवी, आणि ते एका डायोडला जमत नाही.

त्या कारागिराने बहुधा मोजूनही पाहिलं असेल, आणि मीटरनेच त्याला फसवलं असेल. अशा लहरीवर मीटर डीसीला ठेवला तर १०३ दाखवतो. ब्रिज रेक्टिफायरचा जुना काट्याचा मीटर एसीला ठेवला तर हिशोबाने नेमके ११५ येतात, कारण तो सरासरी मोजतो आणि साध्या एसीच्या गुणकाने वाढवून दाखवतो. उष्णता सरासरीवर चालत नाही, वर्गावर चालते. अशा ठिकाणी वर्गाच्या हिशोबाने मोजणारा ट्रू आरएमएस मीटरच हवा. साधा क्लॅम्प मीटरही इथे कामाचा नाही, त्याला डीसीचा भाग दिसत नाही.

आता तांडेलांची वाक्यं जुळली. ९ किलो शिसं २८ अंशांवरून ३७० ला न्यायला, वितळण्याची उष्णता धरून, सुमारे ६१० किलोजूल लागतात. ८०० वॅटला नुसत्या शिशासाठीच जवळजवळ तेरा मिनिटं, वर लोखंडी भांडं तापवायचं आणि बाहेर जाणारी उष्णता. अर्धा तास लागला तर भट्टी निरोगी. दहा-बारा मिनिटांत पातळ होत असेल तर कौतुक करायचं नाही, मीटर काढायचा. मळीचंही तेच. शिसं ३२७ अंशांना वितळतं, गोळ्या ओतायला ३५० ते ४०० पुरे. थर्मोस्टॅट बंद झाला तरी लालभडक नळीतली उष्णता भांड्यात येतच राहते, पारा पुढे सरकतो, वरचं शिसं भराभर जळून पिवळट राख होते. ती राख शिशाचा ऑक्साइड. मळी काढताना उडणारी हीच धूळ पोटात जाते. हात न धुता विडी ओढणाऱ्याच्या तर नक्कीच.

डायोड न्यूट्रलच्या बाजूला होता, हे नशीब म्हणायचं. लहर अडलेली असते त्या वेळी अख्खा एलिमेंट फेजला चिकटून राहतो, त्यामुळे दोन्ही अर्ध्यांत गळती होते आणि आरसीसीबीला ती कळते. डायोड फेजच्या बाजूला असता तर गळतीही एकाच दिशेची झाली असती, आणि एसी प्रकारच्या साध्या आरसीसीबीला ती ओळखता येईलच याची खात्री नसते. त्यासाठी ए प्रकारचा लागतो. शिवाय सरासरी सव्वासहा अँपिअर या सहाच्या डायोडमधून जात होते, तेही गरम बुडात कोंडून. डायोड जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो. तसं झालं असतं तर ३,२०० वॅट.

उपाय काय? २३० चा नवा एलिमेंट बसवायचा तर ६६ ओहमचा हवा. नळी त्याच वेढ्याची बनवून घ्यायची म्हणजे आठवडा गेला. प्लास्टिकच्या मशीनला लावतात तो बँड हीटर चालतो, पण सिरॅमिकचा. अभ्रकाचा या तापमानाला फार टिकत नाही. डिमर लावायचा सल्लाही कुणी देतो. त्यातला लहर कापणारा ट्रायॅक शॉर्ट झाला की पुन्हा तीच गत. मी ट्रान्स्फॉर्मर निवडला, २३० ते ११५, एक केव्हीए. जहाजावरच्या आणि आखातातल्या माणसांच्या घरची मिक्सर-इस्त्री तपासायला आमच्याकडे एक गुंडाळून ठेवलेला असतोच. जड आहे, महाग आहे, पण त्यात फसवाफसवी नाही.

दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्स्फॉर्मर असला की पलीकडची गळती घरच्या आरसीसीबीला दिसत नाही. म्हणून ११५ च्या बाजूचं एक टोक आणि भट्टीचं अंग दोन्ही अर्थला बांधली, आणि दुसऱ्या टोकावर १० अँपिअरचा फ्यूज. भट्टी सात अँपिअर घेते. कधी एलिमेंट अंगाला लागला तर फ्यूज उडेल.

बाकीचं भराभर. काँटॅक्ट पातळ कानशीने सपाट केले. पॉलिश पेपर नको, त्याची रेती चांदीत रुतते. आतल्या वायरी पीव्हीसीच्या होत्या, त्या काढून ग्लास स्लीव्हमधल्या निकेलच्या घातल्या आणि लग दाबून बसवले. इथे सोल्डर चालत नाही, ६३-३७ चं सोल्डर १८३ अंशांलाच वितळतं. तोटी ठिबकत होती. कांडीचं टोक आणि तोटीची बैठक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने एकमेकांवर फिरवून जुळवली, पेस्ट रॉकेलने पूर्ण धुतली, सुकवली.

चाचणीचं शिसं म्हणून त्यांनी जुन्या जाळ्यांतल्या गोळ्या आणल्या होत्या. या गोळ्यांच्या भोकात खारं पाणी, दोऱ्याचे तुकडे, वाळू असते. पाण्याची वाफ झाली की ते हजारपटीहून जास्त फुगतं. पातळ शिशात एक ओली गोळी पडली तर भांड्यातला माल छपराला लागतो. त्यांच्या पडवीच्या कौलांवर तसे चट्टे आहेतच, असं त्यांनी सहज सांगितलं. अशा गोळ्या थंड भांड्यातच भरायच्या, भट्टी मग चालू करायची. नंतर भर घालायची असेल तर आधी भांड्याच्या कडेवर तापवून. बॅटरीच्या प्लेटा मात्र कधीच नाहीत, त्यातून विषारी वायू निघतो.

तापमान मोजायला के प्रकारचं थर्मोकपल शिशात सोडलं. पिवळ्या-लाल वायरीचं असेल तर त्यात लाल म्हणजे ऋण. उलट जोडलं तर तापताना आकडा खाली येतो आणि माणूस भट्टीला दोष देतो. २७ मिनिटांनी ३७० अंश. थर्मोस्टॅटच्या पाचच्या खुणेवर ३५५ ते ३८५ मध्ये खेळ, गोळ्यांना पुष्कळ. पहिल्या चार गोळ्या सुरकुतलेल्या आल्या, साचा थंड होता. पुढच्या गुळगुळीत. मळी निघाली दोन चमचे.

"काका, आता अर्धा तास लागणार," मी म्हटलं.

"दोन महिने घरीच आहे," ते म्हणाले.

शेवटी भट्टीचा प्लग कापला. तिथे ११० व्होल्टचा पिवळा इंडस्ट्रियल प्लग लावला, त्याचं सॉकेट ट्रान्स्फॉर्मरच्या पेटीवर. हा प्लग घरातल्या भिंतीवरच्या कुठल्याच सॉकेटमध्ये जात नाही. ट्रान्स्फॉर्मर उचलायला जड आहे, म्हणून कधीतरी कुणी भट्टी एकटीच घेऊन जाईल.