मोबाईलवर फुकट मिळतं, मग हे डबडं कशाला दुरुस्त करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न दरवेळी साधारण हाच असतो, की मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट हे सगळं आता मोबाईलवर एका अ‍ॅपमध्ये चालतं, तेही फुकटात, मग नव्वदच्या दशकातली ती टीव्हीला लावायची व्हिडिओ गेम माळ्यावरून काढायची, उघडायची, तिला सोल्डरिंगचे डाग देत बसायचं, हे कशासाठी? खालच्या मजल्यावरचे काका विचारतात, ऑफिसातली पोरं विचारतात. रास्त प्रश्न आहे.

माझं उत्तर सरळ आहे. मोबाईलवर चालते ती तुम्ही लहानपणी खेळलेली गेम नाहीये. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, मोजून दाखवता येतं, आणि मोजायचं असेल तर ते यंत्र चालू असावं लागतं.

थोडं मागे जाऊया. जुलै १९८३ मध्ये निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने जपानमध्ये फॅमिकॉम नावाचा टीव्हीला लावायचा गेमचा डबा आणला. मासायुकी उएमुरा आणि त्यांच्या टीमचं हे काम. आत मुख्य आयसी, म्हणजे चिप, दोन, रिको कंपनीने बनवलेले, एक हिशोब आणि आवाज सांभाळणारा, दुसरा चित्र काढणारा. कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. आपल्याकडे बहुतेक घरांत तो जपानी डबा कधी आलाच नाही, आले ते त्याच्या नकला, तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी त्या आयसींची हुबेहूब कॉपी करून बनवलेल्या चिप्सवर चालणारे डबे, वरून ६० पिनांची कॅसेट खोचायची (आपण कॅसेटच म्हणायचो, आणि कंट्रोलरला रिमोट), दोन रिमोट, एक गन, आणि '९९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट ज्यात खऱ्या गेम मोजक्याच असायच्या आणि बाकी त्याच त्या परत परत.

आता नकला म्हणजे हलका माल असं लोक धरून चालतात आणि तिथेच माझा जीव तुटतो, कारण या नकला करणाऱ्यांनी एक फार हुशारीचं काम केलंय आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही.

अडचण अशी होती की जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. आणि या जुन्या गेमचं सगळं घड्याळ त्या चित्रावरच चालतं, एक चित्र झालं की मारिओ एक पाऊल पुढे, संगीत एक पाऊल पुढे. निन्टेंडोने युरोपसाठी जे पाल मशीन काढलं त्यात आयसीचा वेगच १.६६ मेगाहर्ट्झवर आणला (जपानी मशीनचा १.७९), त्यामुळे जपानी गेम त्यात तशीच घातली तर लय तर मंदावतेच पण पट्टीसुद्धा उतरते, आणि काही गेममध्ये चित्र फाटतं, कारण प्रोग्रॅमला ज्या क्षणी जे घडेल असं वाटत असतं ते तेव्हा घडतच नाही.

नकलाकारांना हे परवडणारं नव्हतं, त्यांना जपानी गेमच्या कॅसेट आहे तशा पाल टीव्हीवर चालवायच्या होत्या. त्यांनी २६.६०१७१२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (मशीनला ठेका देणारा पार्ट) घेतला, म्हणजे पालच्या रंगाच्या सिग्नलच्या ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झची सहापट, आणि निन्टेंडो आपल्या पाल मशीनमध्ये त्याला १६ ने भागत होती तर यांनी १५ ने भागलं. आला १.७७ मेगाहर्ट्झ, जपानी वेगाच्या एक टक्का आत! पाल चित्राच्या ज्या ५० ओळी जास्तीच्या होत्या त्या चित्र संपल्यावर नुसत्या रिकाम्या घालवल्या आणि मग प्रोग्रॅमला सांगितलं की हां, आता चित्र झालं, कर तुझं काम. प्रोग्रॅमला पत्ताच लागत नाही आपण परक्या टीव्हीवर आहोत म्हणून.

याचा परिणाम काय, तर मारिओचं ते सुरुवातीचं संगीत आपण ऐकलं ते जवळजवळ मूळ पट्टीत पण लय सहातले पाच. आज मोबाईलवर तेच लावा, घाई झाल्यासारखं वाजतं. कित्येक जण मला म्हणालेत की अ‍ॅपमध्ये गेम फास्ट वाटते, वय झालं वाटतं आमचं. वय नाही झालं. ती खरंच फास्ट आहे, कारण अ‍ॅप अमेरिकन किंवा जपानी मशीनची नक्कल करतं आणि तुमचा हात तयार झालाय ५० च्या गतीवर. काही चांगल्या एमुलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या अशा अ‍ॅपमध्ये, 'डेंडी' नावाची सेटिंग असते ती लावली तर फरक मिटतो. डेंडी हा १९९२ मध्ये रशियात आलेला असाच एक नकली डबा, तिकडे इतका गाजला की या सगळ्या टायमिंगला त्याचंच नाव पडलं. आपल्या डब्यांचं नाव कशालाच पडलं नाही, त्यांच्या बोर्डांचे नीट फोटोसुद्धा मिळत नाहीत, आणि भंगारात जायचा वेग बघता पुढच्या काही वर्षांत मिळायचे पण नाहीत.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं तर एक स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनालायझर लागतो, तारांमधले सिग्नल कॉम्प्युटरवर रेषांनी दाखवणारा, काडेपेटीएवढा, यूएसबीला लागतो. रिमोटच्या वायरीत पाच तारा असतात, ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. रिमोटच्या आत एक शिफ्ट रजिस्टर असतं, म्हणजे बटणांची स्थिती धरून एकेक करून पुढे पाठवणारी चिप, मूळच्यात ४०२१ नंबरचा आयसी, आपल्याकडच्यात बहुतेकदा त्याचंच काम करणारा काळा ठिपका. अ‍ॅनालायझर लॅच, क्लॉक आणि डेटावर लावायचा आणि मारिओ सुरू करायचा. स्क्रीनवर दिसतं की मशीन लॅचवर एक टिचकी मारतं, म्हणजे सगळ्या बटणांची आत्ताची स्थिती धरून ठेव, मग क्लॉकवर आठ टिचक्या आणि प्रत्येकीला एकेका बटणाचं उत्तर, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, कायम याच क्रमाने. उडीचं बटण दाबून धरलं की डेटाच्या रेषेत पहिल्या जागी एक खड्डा पडतो, सोडलं की भरतो. आणि दोन लॅचमधलं अंतर मोजलं की येतं २० मिलिसेकंद. जपानी मशीनवर तेच १६.६ येतं. मी हे ज्यांना ज्यांना दाखवलंय ते सगळे मग स्वतः बटण दाबून बघत बसतात, आणि आपण लहानपणी दाबलेलं बटण मशीनला असं कळायचं होय, असं म्हणतात. मोबाईलच्या आत असं बोट ठेवून दाखवण्याजोगं काही उरलेलं नाहीये. इथे रिमोटमधल्या रबरापासून टीव्हीवरच्या ठिपक्यापर्यंत एकेक पायरी एका माणसाच्या डोक्यात मावते, आणि मला यात जो आनंद मिळतो तो दुसऱ्या कशात नाही.

आता दुरुस्ती. बऱ्याच डब्यांना झालेलं फार काही नसतं. पहिला संशय अ‍ॅडॉप्टरवर. जपानी फॅमिकॉमला मधली पिन निगेटिव्ह लागायची आणि बऱ्याच नकलांनी तेच ठेवलं, आणि आज घरात पडलेले बहुतेक अ‍ॅडॉप्टर मधली पिन पॉझिटिव्हवाले, म्हणून आधी डब्यावरची खूण बघायची, अ‍ॅडॉप्टर मल्टीमीटरने तपासायचा आणि मगच लावायचा. आत ७८०५ रेग्युलेटर असतो, ९ व्होल्टचे ५ करतो, बाकीचे व्होल्ट उष्णता म्हणून सोडतो, आणि स्वस्तातल्या डब्यांत त्याला पुरेसं हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारी धातूची पट्टी) दिलेलंच नसतं त्यामुळे बोर्डाचा तो कोपरा करपून तपकिरी झालेला दिसतो. दहा-पंधरा रुपयांचा पार्ट आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास कुठेही मिळतो. शेजारचे कपॅसिटर फुगले असतील तर त्याच बैठकीत बदलून टाकायचे.

मग कॅसेटचा सॉकेट. फुंकर मारू नका हो! तोंडातली वाफ जाऊन पिना गंजतात, आणि फुंकर मारल्यावर जे चालायचं ते कॅसेट काढून परत घातल्यामुळे चालायचं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कॅसेटचे कॉन्टॅक्ट कापसाच्या काडीने पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. सॉकेटमध्ये ते लावून स्वच्छ कॅसेटच काही वेळा आत-बाहेर करा. रिमोटचं बटण दाबूनही चालत नसेल तर रबराखालचा काळा कार्बन झिजलेला असतो, त्याची नवीन रबरं मिळतात.

चित्राचं काम मला सगळ्यात आवडतं. मूळ डबा अँटेनाच्या वायरीतून सिग्नल द्यायचा, आरएफ मॉड्युलेटर नावाची एक पत्र्याची डबी असते तिच्यातून, म्हणून मुंग्या यायच्या आणि चॅनेल शोधत बसायला लागायचं. त्या डबीच्या आधीच स्वच्छ व्हिडिओ सिग्नल असतो. तिथून तो एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावून पिवळ्या आरसीए पिनेवर आणला की चित्र असं काही स्वच्छ येतं की लहानपणी न दिसलेल्या विटांच्या रेघा दिसतात. हे करताना डबी काढून फेकू नका, नुसती वायर वळवा, म्हणजे कधी मूळ पद्धतीने लावायचं झालं तर लावता येतं.

बोर्डावर सुटे आयसी असतील, यूए ६५२७पी आणि यूए ६५३८ असं काही लिहिलेले, तर तो बोर्ड वाचवण्यासाठी वाट्टेल ते करावं या मताची मी आहे, कारण त्यातलं एकेक बदलता येतं. नंतरच्या डब्यांत सगळं मशीन एकाच चिपमध्ये कोंबून वर काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकलेला असतो, तो मेला की मेला. अशा वेळी डबा, सॉकेट, रिमोट मूळचे ठेवून आत दुसऱ्या डब्यातला चांगला बोर्ड बसवणं, नाहीतर स्वतः पीसीबी, म्हणजे नवा सर्किट बोर्ड, डिझाइन करून घेणं. हौशी लोकांनी ओपनटेंडो नावाने निन्टेंडोचा अख्खा बोर्ड नव्याने काढून सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, तसं आपल्या डब्यांचं कोणी केलेलं मी पाहिलं नाही, आणि मला ते करायचंय. एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट भरता येतं अशा चिपवर, जुनी मशीन नव्याने उभी करणारे मिस्टर वगैरे प्रोजेक्ट आहेत तेही उत्तम आहेत, पण ते अचूक व्हायला आधी कोणीतरी खरं मशीन मोजलेलं असावं लागतं.

राहिली गन, आणि मोबाईलवाल्या प्रश्नाला हिच्यापुढे उत्तरच नाही. डक हंटमध्ये ट्रिगर दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, गनच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला तर नेम लागला. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे जमतं कारण तो चित्र येताक्षणी ओळीओळीने काढतो, आणि मूळ गनमधलं सर्किट तर त्या ओळींच्या साधारण १५ किलोहर्ट्झच्या लपलपीलाच ओळखतं. एलसीडी चित्र उशिरा दाखवतो आणि तसं लपलपत नाही, म्हणून कितीही नेम धरा, बदक उडून जातं. म्हणजे गनसाठी जुना टीव्ही पण सांभाळायला लागतो. तो मात्र स्वतः उघडू नका, पिक्चर ट्यूबमध्ये वीसेक हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिककडेच द्या, अजून आहेत ते गल्लीबोळात.

आणि घरी असा डबा असेल, दुरुस्त करायचा असो की नसो, टाकण्याआधी एवढं करा. खालचे स्क्रू काढा, बोर्डाचे दोन्ही बाजूंनी उजेडात फोटो काढा, आयसीवरचे नंबर आणि क्रिस्टलच्या पत्र्यावरचा आकडा वाचता येईल असे. २६.६०१ लिहिलेलं असेल तर तो आपल्या टीव्हीसाठी केलेला डबा. रिमोट आणि गन वायरीसकट त्याच्यासोबतच ठेवा, वायर कापू नका, कारण कंपनीगणिक तिची पिन वेगळी आहे आणि कुठली तार कुठे जाते हे एकदा कापल्यावर शोधायला फार त्रास होतो.