लो अखेर धरला, पण हायमध्ये पाणी मुरतंय

काल संध्याकाळी दिवे घाटाच्या पायथ्याला, वडकीच्या पुढच्या चढावर, भरलेली ट्रॉली लावून माझा जुना ट्रॅक्टर, मॅसी फर्ग्युसन ३५, लो-दुसऱ्यात चढवला आणि लो-दुसऱ्यातच उतरवला. (याच्या गिअरना दोन पट्ट्या आहेत, संथ-जोरदार 'लो' आणि वेगाचा 'हाय'; पट्टी वेगळ्या दांड्याने बदलते.) तीन फेऱ्या झाल्या. लो एकदाही सुटला नाही! पाच महिने याचीच वाट बघत होतो.

मागच्या वेळी लिहिलं होतं की रेलचा (दांड्याने सरकणाऱ्या सळईचा) प्लंजर, म्हणजे तिला जागेवर अडवणारी खुंटी, आणि स्प्रिंग नवी घातली, काम झालं. झालं नव्हतं. अंगणात रिकाम्या ट्रॅक्टरला लो घट्ट बसायचा, ट्रॉली जोडली की शंभर पावलांत हाय-लोचा दांडा खाडकन मध्ये, न्यूट्रलला, यायचा. चढावर हे झालं तर ब्रेक मारून सावरता येतं. उतारावर मात्र इंजिनाची पकड जाते आणि मागून ट्रॉली रेटायला लागते. एकदा तसं झालं आणि मी घाटाचं नावच टाकलं.

मला फसवत होता तो दांड्याचा 'टक'. प्लंजर रेलच्या खाचेत बसला की टक होतो, पण कपलर (सरकून लो किंवा हाय जोडणारी दातेरी कडी) दातांत पूर्ण गेला की नाही हे त्यावरून कळत नाही, कारण मध्ये फोर्क आहे, रेलवरचा दुबेळका, जो कपलरला ढकलतो. या वेळी गिअरबॉक्स आणि मधलं हाउसिंग सोडवून ट्रॅक्टर दोन भागांत केला. कपलरच्या दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला, लो टाकला, हाताने दोन वेढे फिरवून परत काढला. शेंदूर पुसला गेला होता फक्त टोकाकडे, जेमतेम चार मिलिमीटर. बाकी दात लालभडक, जसाच्या तसा. मग फोर्क आणि कपलरच्या खोबणीमध्ये फीलर गेजची पाती एकावर एक घालत गेलो, ती पावणेदोन मिलिमीटरला अडली. म्हणजे रेल आपल्या जागी पोचायची आणि कपलर तेवढा मागे राहायचा. अर्धवट धरल्यामुळे दातांची टोकं गोल झाली होती, आणि गोल झालेला दात जोर आला की कपलरला बाहेरच ढकलतो.

नवा फोर्क एका दुकानातून आणला होता, तो परत केला. कानस लावली तर लोण्यासारखा कापला जात होता. डुप्लिकेट फोर्कच्या नादी कोणी लागू नका. मूळच्याच फोर्कच्या टोकांवर भोसरीत ब्राँझ भरून घेतलं आणि मिलिंग केलं. आता फोर्क आणि खोबणीतला खेळ पाव मिलिमीटर. कपलर मिळाला रविवारच्या जुन्या बाजारात, भंगारातल्या गिअरबॉक्समधून. मिस्त्रीमामांनी दाताच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "धार लागतीय अजून. घ्या डोळे झाकून." लोमध्ये वेग कमी करणाऱ्या गिअरसंचाच्या, प्लॅनेटरीच्या, कॅरिअरचे दात (लोला कपलर यांतच शिरतो) सुदैवाने चांगले निघाले.

मल्टीपॉवरवाला गिअरबॉक्सच बसव, असा सल्ला दोघा-तिघांनी दिला होता. १९६२ मध्ये आलेली ती सोय शेतात झकास आहे, चालता चालता वेग बदलतो. पण मल्टीपॉवरच्या लोमध्ये उतारावर इंजिन ट्रॅक्टरला धरत नाही, तो मोकळा पळतो. मला नेमकी तीच पकड हवी आहे. आपला साधा हाय-लोच बरा. थांबून, क्लच दाबून, तीनपर्यंत मोजून दांडा टाकला की काल एकदाही दात करकरले नाहीत.

आता बॉनेटचा रंग काढायचा होता, पण हे लिहिता लिहिताच एक गोष्ट ध्यानात आली. फोर्क दोन्ही बाजूंनी झिजला होता, मग हाय का सुटत नव्हता? लोमध्ये प्लॅनेटरी चारास एक वेग कमी करते, म्हणजे त्याच मुख्य गिअरमध्ये कपलरवर हायच्या चौपट जोर येतो. हायमध्ये जोर कमी, म्हणून अर्धवट धरूनही निभावलं असणार. कपलर आता चांगला आहे, पण हायला तो ज्या दातांत शिरतो ते शाफ्टवरचे दात जुनेच आहेत, आणि त्यांचा ठसा मी घेतलाच नाही. फक्त लोच्या मागे लागलो होतो.

रंग थांबवला. अँगलचा चाकं लावलेला स्टँड आधी करून घेतो, या वेळी विटा-फळ्यांवर ट्रॅक्टर फोडायचा नाही. मग हायच्या बाजूला शेंदूर. कोणी ३५ वर तिथला ठसा घेतला असेल, तर किती मिलिमीटर आला ते नक्की कळवा.