तुम्ही विचारलंत म्हणून : दहा हजारांत गिटार कोणती घ्यावी?

‘दहा हजारांच्या आत चांगली गिटार कोणती?’ हा प्रश्न मला इमारतीच्या जिन्यात, कार्यालयातल्या जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडे असताना विचारला गेला आहे. मी गिटार शिकवत नाही, कार्यक्रम करत नाही, कोणत्याही दुकानदाराकडून मला एक रुपयाही मिळत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तासभर वाजवते, इतकेच. विचारणाऱ्याला माझ्याकडून फक्त एक नाव हवे असते आणि मी दुसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचते तोच तो ‘म्हणजे यामाहाच ना?’ म्हणून मोकळा होतो. तर हो, यामाहाची एफ ३१०, किंमत थोडी मागेपुढे. नाव मिळाले. आता उरलेले ऐकून घ्या.

एफ ३१० मी सुचवते ती काही तिच्या आवाजावर भाळून नव्हे. तिचा वरचा पत्रा, म्हणजे पुढची लाकडी फळी, स्प्रूस लाकडाचा असला तरी प्लायचा, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेला असतो आणि आवाजाला खोली बेताचीच असते. पण तिची मान बहुधा सरळ असते, एका नगात आणि दुसऱ्या नगात फारसा फरक पडत नाही, आणि तारेची लांबी ६३४ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या ६५० च्या आसपासच्या गिटारींपेक्षा जराशी कमी असल्याने त्याच जाडीच्या तारा किंचित सैल लागतात. एवढे असूनही ती जशी खोक्यातून निघेल तशीच वाजवायला बसू नका. स्वस्त गिटारींच्या तारा कारखान्यातून निघताना सहसा उंच ठेवलेल्या असतात. तार खाली असून फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर झणझणली, तर गिऱ्हाईक वाद्य परत आणते. तार उंच असली तर बोटे गिऱ्हाइकाची दुखतात, आणि बोटे दुखतात म्हणून वाद्य परत करणारा नवशिका मी अजून पाहिलेला नाही.

माझी पहिली गिटार काळी, चकचकीत आणि अठराशे रुपयांची होती. बारावीनंतरच्या सुट्टीत ती आमच्या भागातल्या एका दुकानातून घेतली, एका सरांकडे शिकवणी लावली, आणि ‘एफ’ या कॉर्डपाशी, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या एका जुळणीपाशी, माझे घोडे अडले ते कायमचे. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या असतात. माझ्या बोटाला वळ उठत, मनगट भरून येई आणि आवाज मात्र भिंतीवर थाप मारल्यासारखा येई. सर म्हणत, सराव करा, कातडी घट्ट होईल. कातडी घट्ट झाली, ‘एफ’ लागला नाही. माझी बोटेच आखूड आहेत असे मी लोकांना सांगू लागले, आई ‘सगळ्यांनाच सगळे जमत नाही’ असे म्हणू लागली, आणि गिटार कपाटावर गेली.

काही वर्षांनी ती विकायची ठरली. तिची एक खुंटी अडकली होती, आणि मामींना त्यांच्या तंबोऱ्याची जवारी काढून, म्हणजे तारांखालची घोडी घासून सुरेल करून घेण्यासाठी मिरजेला जायचेच होते, म्हणून ती गिटारही आम्ही गाडीत टाकली. मामी ज्यांना चाचा म्हणत त्या वयस्कर कारागिरांनी तंबोरा बाजूला ठेवला, हे आपले काम नाही अशी कुरकुर करत गिटार मांडीवर घेतली, आणि खुंटीला हात लावण्याआधी अंगठ्याने एक तार दाबून पाहिली. मग त्यांनी पोलादी पट्टी मागवली. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून जाड तारेच्या तळापर्यंत अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असावे, बारीक तारेला दोन. माझ्या गिटारीत तिथे पाच होते. ‘ताई, हे वाद्य अजून तयारच झालं नाही की,’ ते म्हणाले, ‘अर्धं करून दुकानात लावलंय. आणि तुम्ही वाजवत होता हे?’

त्यांनी तारा सैल केल्या, ब्रिजवरची, म्हणजे तारा अडकवायच्या लाकडी पट्टीवरची, तारा टेकतात ती पांढरी प्लॅस्टिकची सॅडल चिमट्याने उपसली आणि काचेवर पसरलेल्या पॉलिश कागदावर तिचा तळ घासायला सुरुवात केली. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, त्यामुळे तिथली उंची एक मिलिमीटरने उतरवायची तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. एवढी जागा पुष्कळ स्वस्त गिटारींत शिल्लकच नसते, सुदैवाने माझ्या गिटारीत होती. घासायचे, बसवायचे, तारा ताणायच्या, ऐकायचे, पुन्हा उपसायचे, असा तो प्रकार बराच वेळ चालला. मग मानेच्या टोकाला तारा ज्यात बसतात त्या नटच्या, म्हणजे छोट्या पट्टीच्या, खाचा त्यांनी बारीक कानशीने किंचित खोल केल्या, कारण पहिल्या फ्रेटवरचा खरा त्रास तिथे असतो. शेवटी पहिली तार झणझणू लागली, तेव्हा एक शिवी हासडून त्यांनी सॅडलच्या त्या टोकाखाली पोस्टकार्डाचा तुकडा सरकवला. मी ‘एफ’ धरला. दोन तारा मुक्याच राहिल्या, उरलेल्या चार वाजल्या.

परतीच्या वाटेवर मी मामींशी बोलले नाही. दुकानदाराचा राग आला होता, पण सरांचा त्याहून जास्त. ती गिटार त्यांनी शिकवणीत कितीतरी वेळा हातात घेतली होती आणि उत्तम वाजवली होती, आणि त्यांनी ती वाजवली होती हाच माझ्या दृष्टीने वाद्य निर्दोष असल्याचा पुरावा होता. कमावलेल्या हाताला वाईट वाद्यही वश होते. म्हणून दुकानात जाणकाराला सोबत नेण्याचा सल्ला मला अर्धवट वाटतो. जाणकाराला न्या, पण तार ज्याला शिकायचे आहे त्यालाच दाबू द्या. बोटांची एकच आकृती आधी तिसऱ्या फ्रेटवर आणि मग पहिल्या फ्रेटवर धरायला सांगा. पहिल्या फ्रेटवर थोडे जास्त जड जायचेच, पण फरक फारच मोठा असेल तर नट उंच आहे. आणि खिशातून पट्टी काढायला लाजू नका.

आता स्वतःची बाजू थोडी पातळ करते. त्या काळात मी सराव टाळतही होते, आणि सुरेख गिटार हाती असती तरी ती कपाटावर गेली नसती याची हमी मी देऊ शकत नाही. ओबडधोबड वाद्यावर शिकून पुढे गेलेली माणसे असतातच, हे मला दरवेळी ऐकवले जाते. असतात, पण त्याच वाद्यांमुळे थांबलेली माणसे ‘मला जमले नाही’ एवढेच सांगतात, त्यामुळे त्यांची मोजदाद होत नाही.

माझे दुसरे भांडण जुन्या स्वतःशी आहे. अखंड लाकडाच्या पत्र्याशिवाय गिटार घेऊच नये, प्लाय म्हणजे खेळणे, असे मी एके काळी तावातावाने सांगत असे, आणि ध्वनिछिद्राच्या कडेवर नख ठेवून लाकडाच्या रेषा कडेतून सलग खाली उतरतात की थर दिसतात, हे लोकांना दाखवत असे. ती परीक्षा आजही खरी आहे. पण अशी गिटार, उदाहरणार्थ यामाहाचीच एफजी ८००, दुप्पट किंवा त्याहून जास्त पैसे मागते आणि वर पथ्यही मागते. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर ती खूश असते. आमच्या सांगलीत एप्रिलमध्ये लाकूड आटून फ्रेटची टोके तळव्याला बोचतात, जुलैमध्ये पत्रा फुगून ब्रिजमागे पोट येते आणि तारा पुन्हा उंच होतात. कोकणातल्या घराबद्दल तर बोलायलाच नको. स्टीलच्या सहा तारांची मिळून ओढ सत्तर किलोंच्या घरात असते, ती सोसायला प्लायचा पत्रा या हवेत जास्त भरवशाचा. हे सारे पटूनही माझी स्वतःची गिटार अखंड पत्र्याची आहे आणि ती मी कोणाला देणार नाही. मग आम्हालाच प्लाय का सांगता, असे तुम्ही विचाराल, तर याचे सरळ उत्तर माझ्यापाशी नाही.

बाकीचे प्रश्न लवकर संपतात. याच किमतीत पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरला पोहोचवणारे उपकरण, बसवलेली गिटार मिळते, पण ते पैसे लाकडातूनच कापलेले असतात. मानेपाशी खांदा कापलेल्या गिटारीचा उपयोग वरचे फ्रेट वाजवणाऱ्याला. पहिली दोन वर्षे तुम्ही तिकडे फिरकणार नाही. लहान मुलासाठी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ, मात्र तिची मान नटपाशी ५२ मिलिमीटर रुंद असते, स्टीलच्या गिटारीची ४३ च्या आसपास, तेव्हा मूल फारच लहान असेल तर पाऊण आकाराची पाहा. आणि क्लासिकल गिटारीवर स्टीलच्या तारा चढवू नका, ब्रिज उपटून हातात येईल.

हिशेब असा : दहा हजार असतील तर साडेआठपर्यंतची गिटार बघा आणि उरलेल्यात सेटअप, म्हणजे चाचांनी केली तशी तारांची उंची नीट करण्याची कारागिरी, करून घ्या, नव्या बारीक तारा चढवा. एफ ३१० त्यात बसली नाही तर वापरलेली शोधा. तंबोऱ्याच्या जवारीसाठी आपण तक्रार न करता पैसे मोजतो. गिटारीच्या सेटअपचे नाव काढले की मात्र ‘नव्या वाद्याला दुरुस्ती कशाला?’ असे मला विचारले जाते.

राहता राहिला तो प्रश्न, जो सगळे शेवटी आवाज खाली करून विचारतात : तीन महिन्यांत मुलाने सोडून दिली तर? सोडेल की नाही हे मला विचारू नका. सोडलीच तर ओळखीच्या कंपनीची, तारा नीट बसवलेली गिटार निम्म्या किमतीला तरी कोणी घेऊन जाईल. माझ्या त्या काळ्या गिटारीला, चाचांनी एवढे करूनही, गिऱ्हाईक मिळाले नव्हते.