नाव सांग

सावईवेरे, गोवा, रविवार, रात्र

पाऊस संध्याकाळपासून एकसारखा लागला आहे. सातला वीज गेली ती अजून आलेली नाही. राजांगणाच्या, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकाच्या, चारही पागोळ्या धो धो गळतायत आणि मधोमध तुळस न्हातेय. लेक माजघरात झोपली आहे. मी तिच्या उशाशी समई ठेवून लिहायला बसले आहे. मघाशी एक सिनेमा बघून संपवला. छातीत धडधडतंय ते त्यातल्या भुतांमुळे नाही. संध्याकाळी मी जे केलं ते त्या सिनेमात मला जसंच्या तसं दिसलं, म्हणून.

आधी संध्याकाळचं लिहिते.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, जमलेली माणसं गुरुवारपर्यंत एकेक करून पांगली. या घराला आम्ही अकरा वाटेकरी आहोत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद न करता सगळ्या लेकरांना सारखा हिस्सा दिला. ते न्यायाचंच आहे, मलाही माझा हिस्सा त्यातूनच मिळाला. पण अकरा जणांच्या घराचं एक कौल फुटलं तर ते कोणी बदलायचं हे ठरेस्तोवर दोन पावसाळे निघून जातात. वर्षाचे साडेअकरा महिने दाराला कुलूप. घर बंद राहिलं की आधी वाळवी येते, मग वटवाघळं, मग गोष्टी. दक्षिणेकडच्या सासष्टीतल्या बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढे बसायचा सोपा असलेल्या, घरांपासून आमच्या अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, राजांगणांपर्यंत गावोगाव अशी घरं आहेत आणि प्रत्येक घरात कोणाला ना कोणाला काहीतरी दिसलेलं असतं.

माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळा-पानांची चौकट, सोडवायची, पितळी भांडी चिंच लावून घासायची, चटया वाळवून गुंडाळायच्या, एवढ्यासाठी मी आणि लेक मागे राहिलो. संध्याकाळी मी भांड्यांशी होते आणि ती राजांगणाच्या पायरीवर खडे खेळत होती. पाच खडे, पाटातून वेचून आणलेले. एक वर उडवायचा, खालचा उचलायचा. मी बराच वेळ नुसती बघत होते. मग लक्षात आलं की आपला डाव संपला की ती खडे खाली ठेवते आणि थांबते. दुसऱ्या कोणाचा डाव चालला असावा तेवढाच वेळ. नजर खड्यांवरून वर जाते, खाली येते. मध्येच म्हणाली, "हात लागला, हात लागला, तू आऊट." आणि हसली.

मी विचारलं, "कोणाशी खेळतेस गं?"

"कोणाशी नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. जवळ जाऊन तिचं मनगट धरलं आणि गोड आवाजात, अगदी मऊ आवाजात म्हटलं, "मला सांग ना बाय. कोण आहे? नाव सांग. आई रागावणार नाही." असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने माडीच्या खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा असा बंद झाला की घराला कुलूप लावल्यासारखा. रात्री जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. पोट दुखत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

ती झोपल्यावर मन कशात तरी घालावं म्हणून लॅपटॉप उघडला. मैत्रिणीने कधीचा देऊन ठेवलेला सिनेमा होता, जॅक क्लेटनचा 'द इनोसन्ट्स', १९६१ चा, कृष्णधवल. हेन्री जेम्सच्या १८९८ सालच्या गोष्टीवरून केलेला. बॅटरी पुरेल की नाही या घोरात होते, पण पुरली.

सुरुवातीला पडदा काळाच राहतो आणि त्या काळोखात एका मुलीचं गाणं ऐकू येतं. कानात इयरफोन, बाहेर पाऊस. पहिला क्षणभर मला ते गाणं माजघरातूनच येतंय असं वाटलं.

गोष्ट साधी आहे. इंग्लंडातला खेड्यातला एक मोठा वाडा, आईबाप नसलेली दोन भावंडं, मायल्स आणि फ्लोरा, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला आलेली मिस गिडन्स. मुलांचा काका लंडनला राहतो. त्याला मुलांची कटकट नको आहे. तिला कामावर घेताना तो विचारतो ते तिच्याकडे कल्पनाशक्ती आहे का, हे. मिस गिडन्स झालेली डेबोरा कर किती आनंदाने ते काम पत्करते! वाड्यावर येते तेव्हा बागेतली फुलं, तळं, मुलांची गोड बोलणी, सगळ्याने हरखून जाते. मग तिला माणसं दिसू लागतात. आधीची बाई मिस जेसल, जिने तळ्यात जीव दिला. आणि वाड्यावरचा नोकर क्विंट, तोही मेलेला. तिची खात्री होते की मुलांनाही ती दोघं दिसतात आणि मुलं लपवतात.

भुताच्या सिनेमात रात्र असते, दारं करकरतात, मांजर अंगावर उडी मारते. इथे मिस जेसल दिसते ती दिवसाढवळ्या. तळ्याच्या पलीकडे लव्हाळ्यात काळ्या कपड्यात उभी. काही करत नाही. हालत नाही. कॅमेराही तिच्या जवळ जात नाही. शेतात लांबवर कोणी बाई उभी असावी आणि आपण ओळखीची आहे का म्हणून डोळे बारीक करून बघावं, तेवढंच. माझ्या अंगावर काटा आला तो तिथे. रात्रीच्या प्रसंगांत आला नाही.

आणखी एक जागा आहे. ती बाई मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत बसून रडताना दिसते आणि नाहीशी होते. मिस गिडन्स पुढे होऊन बघते तर पाटीवर पाण्याचा एक थेंब. बोट लावते. ओला. भूत खरं की तिच्या मनातलं, यावर या गोष्टीबद्दल शंभर वर्षं वाद चालू आहे. मला त्या वादात पडावंसं वाटत नाही. मला फक्त तो थेंब आठवत राहील. इतकं जवळ येऊन कोणी रडून गेलं आणि मागे राहिलं ते एवढंच.

छायाचित्रण फ्रेडी फ्रान्सिसचं आहे. सिनेमास्कोपची रुंद चौकट होती, दिग्दर्शकाला ती नको होती, पण कंपनीचा आग्रह. मग फ्रान्सिसने फिल्टरच्या दोन्ही कडा रंगवून काळ्या केल्या, म्हणजे उजेड मधल्यामध्ये राहावा आणि बाजूंना काय आहे ते धड दिसू नये. मेणबत्त्यांचा प्रकाश पुरावा म्हणून एकेका मेणबत्तीत चार-पाच वाती पिळून घातल्या होत्या. हे वाचलं होतं तेव्हा मला आजीची जोडवात आठवली होती. आज समईसमोर बसून बघताना कळलं की त्याने अगदी बरोबर केलं होतं. दिव्याच्या उजेडात घर असंच दिसतं. मधे पितळ चकाकतं, खांबाची एक बाजू दिसते, आणि त्यापुढे काय आहे ते आपण आठवणीने भरून काढतो.

पण माझा जीव कासावीस झाला तो सिनेमाच्या शेवटाकडे. मिस गिडन्सचं मुलांवर प्रेम आहे, त्याबद्दल मला काडीची शंका नाही. तिला त्यांना सोडवायचं आहे. आणि सोडवायचं म्हणजे त्यांच्या तोंडून नाव काढून घ्यायचं, असं तिच्या मनाने घेतलं आहे. फ्लोराला ती तळ्याकाठी पावसात विचारते, बघ, ती तिथे आहे, सांग मला. मुलगी इतकी किंचाळते की ऐकवत नाही. तरी ती थांबत नाही. मग रात्री एकट्या मायल्सला गाठते. तोच मऊ आवाज. नाव सांग, एकदा नाव सांग की संपलं. शेवटी मुलगा ते नाव ओरडतो, आणि संपतं ते त्याचं आयुष्य.

मी लॅपटॉप मिटला. माजघरात जाऊन लेकीचं मनगट पाहिलं. काही नव्हतं तिथे, वळ वगैरे काही नाही. मी एवढ्या जोराने धरलंच नव्हतं. तरी दिवा जवळ नेऊन पाहिलं.

मी आठ वर्षांची असताना याच घरात मलाही कोणी दिसलं होतं. माडीच्या जिन्यावर, पाठमोरा, उघड्या अंगाचा माणूस. पंचा पिळत होता. दोन्ही हातांनी घट्ट पीळ देत होता आणि पाणी पडत नव्हतं. मी खाली धावले. आजी चुलीपाशी पेज वाढत होती. सगळं सांगितलं. काका तिथेच होते, ते लगेच उठले. कुठे, कसा, कोणासारखा, केस होते का? आजीने त्यांना हाताने बसवलं. माझ्या ताटलीत खारातलं एक तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, वाढलं आणि म्हणाली, "दिसलें जाल्यार दिसलें. आतां जेव." आजीची पत्रं मराठीत, ओव्या मराठीत, पोथी मराठीत, पण चुलीपाशी कोकणीच. मी जेवले. तोर आंबट होतं, डोळ्यांत पाणी आलं आणि भीती कुठे गेली कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या कठड्यावर एक धुतलेला, कोरडा पंचा घडी करून ठेवलेला होता. त्यावर घरात कोणी काही बोललं नाही. आजी होती तोवर दर चवथीला तो बदलला जायचा.

आमच्याकडे ही माणसं भुतं नसतातच मुळी. कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, वेशीवर राखणदार असतो, हातात काठी, अंगावर कांबळ. रात्री फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो. त्याला वर्षातून एकदा रोट, केळी, विडी द्यायची. त्याचं नाव घ्यायचं नाही, जागेवालो म्हणायचं. म्हापशात तर बोडगेश्वराची केवढी जत्रा भरते, तोही शहराचा राखणदारच. ज्याची जागा त्याला दिलेली असते तो खिडकीतून डोकावत नाही. त्या इंग्लंडातल्या वाड्यात इतक्या खोल्या आहेत आणि मेलेल्या दोघांना मात्र एक कोपरा कोणी दिलेला नाही.

पण हे लिहिताना मला थांबावं लागतं आहे, कारण न बोलणं म्हणजे नेहमी मायाच असते असं नाही. सिनेमातली मिसेस ग्रोस, घर सांभाळणारी बाई, हिला क्विंटचं सगळं ठाऊक होतं. मुलांसमोर काय काय चालायचं तेही ठाऊक होतं, आणि ती गप्प राहिली. आमच्या माडीवरही एक खोली होती. पणजोबांच्या वेळी तिथे घरातली एक बालविधवा राहायची, आलवण नेसलेली, केस काढलेली. तिचा उल्लेख 'माडीवरची' असाच व्हायचा. म्हाळाला सगळ्यांची नावं घेतली जातात, पिंड पडतात, पण तिचं नाव मी कधी ऐकलं नाही. मी आजीला विचारलं होतं, मोठी झाल्यावर. आजी उठून गेली. ते उठून जाणं मला अजून टोचतं. त्या बाईचं नाव घरातल्या मोठ्यांनी घ्यायला हवं होतं, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. मोठ्यांनी जे गिळलं ते लहान मुलीच्या तोंडून काढून घ्यायला मी निघाले होते, तेही मनगट धरून.

पुढच्या पंधरवड्यात म्हाळ आहेत. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना माहीत असेल. त्यांना विचारीन, आणि यावेळी ते उठून गेले तर मी मागे जाईन.

बारा वाजून गेले. वात सरत आली आहे.

सोमवार, दुपार

पहाटे पाऊस थांबला. माडीवरच्या एका खिडकीला अजून शिंपले आहेत, काचेच्या जागी बसवलेले, त्यातून दुधासारखा उजेड जिन्यावर येतो. मी वर गेले. कठड्यावर काही नव्हतं, नुसती धूळ. फडक्याने पुसली. बॅगेतला टॉवेल काढला, मग परत ठेवला आणि खाली जाऊन देवघराच्या फडताळात शोधलं. एक पंचा मिळाला, कोरा, कोणाला तरी द्यायला आणलेला. घडी करून कठड्यावर ठेवला.

लेक पायरीशी आली होती, दात घासत. तिने पाहिलं. काही विचारलं नाही. मग न्याहारीला दोन पातोळ्या खाल्ल्या, शेजारच्या वयनींनी पाठवलेल्या. हळदीची पानं सोलून तिने पायरीवर नीट एकावर एक ठेवली.

अकराला गाडी यायची होती. खिडक्या लावल्या, मागचं दार लावलं, समई पुसून गुंडाळली. लेक पायरीवर बसून शेवटचा डाव खेळत होती. मी हाक मारली तशी उठली आणि खडे तिथेच राहिले, तीन एकीकडे, दोन एकीकडे.

"खडे घे ना गं. इतके वेचून आणलेस."

"आता डाव माझा नाही," ती म्हणाली आणि चपला घालायला गेली.

मी कुलूप लावलं आणि किल्ली वयनींकडे दिली.