गच्चीवरच्या बॅटऱ्या

भुसावळात मी पॅथॉलॉजी लॅब चालवतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली आणि यूपीएस असूनही बायोकेमिस्ट्रीचा ॲनालायझर, म्हणजे रक्तातले घटक मोजणारे यंत्र, चार मिनिटांत बंद पडला. यंत्रात चढवलेले २१ नमुने वाया गेले. त्यांत दोन लहान मुलांचे होते, आणि त्यांना पुन्हा सुई टोचावी लागली याची रुखरुख मला पैशांच्या नुकसानीपेक्षा अधिक लागली.

विक्रेत्याने लगोलग मोठा यूपीएस सुचवला. आमच्या जुन्या वायरमनने मात्र आधी क्लॅम्प मीटर लावून भार मोजला, तो २.४ किलोवॅटच्या वर गेला नाही. ५ केव्हीएचा आमचा यूपीएस ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएपैकी प्रत्यक्ष वापरता येणारा हिस्सा) ४ किलोवॅट देऊ शकत होता, म्हणजे दोष त्याच्यात नव्हताच. एका माळेत जोडलेल्या १६ बॅटऱ्यांपैकी सहा बॅटऱ्या भार येताच ९ व्होल्टच्याही खाली घसरत होत्या आणि त्यांच्या कडा फुगून पुढे आल्या होत्या. जागा वाचावी म्हणून त्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवण्याची कल्पना माझीच होती. सीलबंद बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यावर दर १० अंशांना ते साधारण निम्मे होते. आमच्या शेडमध्ये त्या दिवशी पारा ४७ वर होता.

जुनी बॅटरी नव्या बॅटऱ्यांनाही खाली ओढते, म्हणून सगळ्याच बदलल्या आणि खालच्या उत्तरेकडील खोलीत हलवल्या. रिएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनांचा, फ्रिज यूपीएसवरून काढून जनरेटरवर टाकला, कारण २ ते ८ अंशांत ठेवलेल्या रिएजंटना जनरेटर सुरू होईपर्यंतच्या १२ सेकंदांच्या खंडाने काही होत नाही, पण कंप्रेसर सुरू होतानाचा झटका यूपीएसला सोसावा लागतो.

खरी डोकेदुखी जनरेटरची निघाली. तो सुरू होताच दोन्ही एसी एकदम भार घेत, विजेची फ्रिक्वेन्सी डगमगे आणि यूपीएस ती वीज नाकारून पुन्हा बॅटरीवर जाई. एसींना टायमर लावून ते तीन-तीन मिनिटांच्या अंतराने सुरू होतील अशी व्यवस्था केली, तेव्हा हा खेळ थांबला.

शेवटी अर्थिंग तपासले. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ९ व्होल्ट दिसत होते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो, हे माहीत असूनही मी त्याकडे कधी पाहिले नव्हते. नवा खड्डा घेतल्यावर आकडा २ व्होल्टच्या आत आला.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, नमुने नसताना, मी स्वतः मेन स्विच पाडून घड्याळ लावतो. जनरेटर न लावता केलेल्या मागच्या चाचणीत यूपीएस १ तास ५० मिनिटे टिकला. मार्च ते जून रोज सकाळी लॅब उघडणारा मुलगा झाडू हातात घेण्याआधी अर्थिंगच्या पाइपात दोन बादल्या पाणी ओततो.