पहाटे कमी झालेली चूक

मे महिन्यातल्या त्या रात्रीच्या नोंदी मी अजूनही उघडून पाहते, कारण त्या रात्रीचा निकाल आमच्यापैकी सर्वांना मान्य असला तरी त्यामागचे कारण मान्य नाही. जळगावात आमचा लहानसा गट एका छोट्या उपग्रहासाठी स्टार सेन्सर तयार करतो आणि त्यातील ताऱ्यांची केंद्रे शोधण्याचे काम माझ्याकडे आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात प्रत्येक ताऱ्याचा ठिपका नेमका कुठे पडला ते काढायचे, ठिपक्यांमधील कोनांवरून तारे ओळखायचे आणि त्यावरून उपग्रहाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते ठरवायचे, असा हा क्रम आहे. शेवटच्या पायरीच्या गणितावर उदंड लिहिले गेले आहे. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या दिशांवरून यानाचे तोंड सर्वांत अचूक कसे ठरवावे, हा ग्रेस वाहबा यांनी १९६५ मध्ये मांडलेला प्रश्न या क्षेत्रात येणारा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. ठिपक्याचे केंद्र काढणे मात्र किरकोळ काम समजले जाते. मला हे मनापासून खटकते, कारण केंद्रातच चूक शिरली तर पुढचे कितीही देखणे गणित ती बाहेर काढू शकत नाही.

आमच्या कॅमेऱ्याचे दृष्टिक्षेत्र १५ अंशांचे आणि त्यातला प्रकाश टिपणारा डिटेक्टर १०२४ पिक्सेल रुंदीचा आहे, म्हणजे एका पिक्सेलमध्ये सुमारे ५३ आर्क सेकंद (एक आर्क सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आकाश मावते. ५०० किलोमीटर उंचीवरून हाच कोन जमिनीवर सुमारे १२८ मीटर भरतो. त्यामुळे पिक्सेलच्या दहाव्या हिश्शापर्यंत तरी केंद्र गाठावे लागते. हे साधते ते एकाच युक्तीने: भिंगाचा फोकस मुद्दाम किंचित ढळवतात, ताऱ्याचा प्रकाश शेजारच्या पिक्सेलांमध्ये सांडतो आणि कोणत्या शेजाऱ्याला किती वाटा मिळाला यावरून भारित सरासरी काढून केंद्र मिळते. आमचा कॅमेरा ज्यांनी जुळवला त्यांना मात्र धूसर चित्र देणे कमीपणाचे वाटते. त्यांच्या हातात कसब आहे, पण स्पष्ट दिसणे म्हणजे अचूक मोजणे नव्हे, ही गोष्ट त्यांना अनेकदा सांगूनही पटलेली नाही.

चाचणीसाठी आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलच्या बाजूला, केळीच्या बागांपलीकडची एक मोकळी जागा निवडली. रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला आलेल्या एका शेतकरीदादांनी आमचे काम समजून घेऊन मोटारीच्या खोपीवरचा दिवा आपण होऊन बंद केला. शहरात अशी मदत मिळणे दुरापास्त असते. कॅमेरा पक्का बसवला की तारे आपोआप सरकतात, कारण पृथ्वी सेकंदाला १५ आर्क सेकंद फिरते. आम्ही निवडलेल्या पट्ट्यात ताऱ्याला एक पिक्सेल ओलांडायला सुमारे ३.६ सेकंद लागतात. पृथ्वीच्या फिरण्याइतके भरवशाचे मोजमाप कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. ताऱ्याचा मार्ग सरळ यायला हवा आणि त्यापासून केंद्र जितके हलेल तितकी आपली चूक.

उत्तरा फाल्गुनी कॅमेऱ्यासमोर असताना, संध्याकाळनंतर, ही चूक पिक्सेलच्या पाचव्या हिश्शापर्यंत जात होती. मध्यरात्रीच्या सुमारास स्वाती आली. ती इतकी तेजस्वी की पिक्सेल भरून वाहतात, म्हणून तिला हिशेबातून वगळले, पण तिच्या आसपासच्या मंद ताऱ्यांमध्ये चूक कमी झालेली दिसली. पहाटे श्रवण वर आला तेव्हा ती निम्म्याहूनही खाली गेली होती. गटातला सर्वांत हुशार मुलगा म्हणाला, "मॅडम, डिटेक्टर थंड झाला, म्हणून चूक कमी झाली. यात शोधायचं काय?"

त्याचे म्हणणे वावगे नव्हते. खानदेशातल्या मे महिन्यात रात्री नऊलाही यंत्र तापलेलेच असते आणि दर सहा-आठ अंशांना डिटेक्टरचा अंधारातला प्रवाह, म्हणजे प्रकाश नसतानाही उष्णतेने उमटणारा खोटा संकेत, दुप्पट होतो. शिवाय पहाटे आकाशगंगेचा पट्टा समोर आल्यामुळे ताऱ्यांची संख्या वाढली होती आणि तारे वाढले की दिशेची सरासरी आपोआप सुधारते. म्हणून मी आधी सरासरी बाजूला ठेवली आणि एकेका ताऱ्याची चूक वेगळी काढली. तरीही पहाटेची चूक कमीच होती, म्हणजे संख्येचे कारण गळाले. मग प्रत्येक चूक तारा त्या क्षणी पिक्सेलच्या कोणत्या भागात होता त्यानुसार मांडली. उष्णतेने येणारा गोंगाट असा मांडल्यावर विस्कटलेलाच राहतो. इथे मात्र स्वच्छ नागमोडी रेघ उमटली: पिक्सेलच्या मध्यावर शून्य, कडेवर शून्य आणि अधेमधे फुगवटा. मंद तारे, ठळक तारे, सगळे त्याच रेघेवर बसले.

संध्याकाळच्या एका ताऱ्याच्या ठिपक्यातल्या लागोपाठच्या पाच पिक्सेलांच्या उजेडाची ओळ अशी होती: १४१, १७६, १०४८, १८५, १३८. पार्श्वभूमी, म्हणजे तारा नसलेल्या पिक्सेलांचा आकडा, १४० आणि ज्याखालचे पिक्सेल हिशेबात धरत नाहीत तो उंबरठा १९०, म्हणजे मधला एकच पिक्सेल उरला आणि केंद्र थेट त्याच्या मध्यावर जाऊन बसले. पहाटेच्या, तेवढ्याच तेजाच्या ताऱ्याची ओळ: ६०, २३०, ५४०, ३१५, ६३. इथे शेजाऱ्यांची साक्ष शाबूत आहे आणि केंद्र मध्यापासून पिक्सेलच्या ०.०९ इतके उजवीकडे निघते. भिंगाची नळी थंड होऊन आखडली, फोकस ढळला आणि जे मुद्दाम करायला हवे होते ते पहाटेच्या गारव्याने केले, असे माझे मत झाले. उष्णतेचा दोष नाही असे मी म्हणत नाही. पार्श्वभूमी चढल्यामुळेच उंबरठा वर न्यावा लागला होता. पण संध्याकाळचीच चित्रे उंबरठा उतरवून पुन्हा चालवली तेव्हा नागमोड थोडीच कमी झाली. मुळात शेजारच्या पिक्सेलांमध्ये प्रकाशच पोचला नव्हता.

हे मांडल्यावर आमच्या वरिष्ठांनी विचारलेला प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही. कक्षेत पृथ्वीकडे तोंड ठेवून फिरताना उपग्रह सेकंदाला सुमारे २३० आर्क सेकंद वळतो, म्हणजे ०.२ सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये आमच्या कॅमेऱ्यात तारा जवळजवळ एक पिक्सेल फरपटतो. मग नागमोड आपोआप पुसली जाणार नाही का? वळण्याच्या दिशेत पुसली जाईल, हे मला मान्य करावे लागले. मात्र त्याला काटकोनातल्या दिशेत तारा पिक्सेलच्या त्याच भागात रेंगाळतो. तिथली चूक गोंगाटासारखी उलटसुलट होत नाही, एकाच बाजूला टिकून राहते, आणि समोर तीन-चारच तारे असतील तेव्हा सरासरीनेही ती पुसली जात नाही.

फोकस ढळवण्याची किंमत मला ठाऊक आहे. प्रकाश पसरला की मंद तारे उंबरठ्याखाली जातात आणि आकाशाच्या विरळ भागात ओळखण्यापुरते तारेही हाती लागणार नाहीत. नागमोडीची दुरुस्ती कोष्टकाने करता येते, पण ठिपक्याची रुंदी ताऱ्याच्या रंगानुसार आणि तापमानानुसार बदलते, त्यामुळे कक्षेत ते कोष्टक किती दिवस खरे राहील याची हमी मी देऊ शकत नाही. तूर्त भिंगाखाली पातळ चकती घालून फोकस हलवायचे ठरले आहे. ती चकती किती जाडीची असावी यावर कॅमेरा जुळवणारे आणि मी यांच्यात अद्याप एकमत झालेले नाही.